सिनाहल, पबमेड आणि नर्सिंगचे लेख: एकतर शून्य, नाहीतर ढीग

वॉर्ड_क्र_सात (धागाकर्ता)

विषय: अतिदक्षता विभागात अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ रुग्णाची कूस दर किती तासांनी बदलली तर बेडसोअर टळतात.

अटी: असाइनमेंटसाठी आठ लेख हवेत, ते गेल्या ५ वर्षांतले हवेत, पीअर-रिव्ह्यूड (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले) हवेत, त्यातले निदान दोन प्राथमिक संशोधनाचे हवेत आणि नर्सिंगशी थेट संबंध हवा.

ग्रंथालयाच्या सिनाहलमध्ये (नर्सिंगच्या लेखांचा डेटाबेस) पूर्ण प्रश्न टाकला तर शून्य निकाल. नुसते 'बेडसोअर' टाकले तर ढीग, आणि त्यात निम्मे लेख गाद्यांवर आणि मलमपट्ट्यांवर. 'फुल टेक्स्ट'वर खूण केली की हातात पाच-सहा लेख उरतात, तेही भलतेच. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांचा मोफत डेटाबेस) 'पीअर-रिव्ह्यूड'ची खूण कुठे आहे तेच सापडत नाही. नेमके कुठे चुकते?

(शोधशब्द सगळ्यांनी देवनागरीतच लिहूया. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.)

---

शब्दकोठी

खिडकीत काही टाइप करायच्या आधीच चुकते. डेटाबेसला प्रश्न कळत नाही, त्याला फक्त शब्द जुळवता येतात. त्यामुळे पहिले काम कागदावरचे.

प्रश्न पिकोत, म्हणजे चार तुकड्यांत मोडा. रुग्ण: अतिदक्षता विभागातले प्रौढ. उपाय: कूस बदलणे. तुलना: २ तास की ४ तास. परिणाम: बेडसोअर. आता यातले सगळे तुकडे शोधात घालायचे नसतात, इथेच बहुतेकांची गाडी रुतते. तुलनेचा तुकडा पहिल्याच फटक्यात काढून टाका. कारण २ तास ही गोष्ट कुणी 'एव्हरी टू अवर्स' लिहितो, कुणी 'टू-अवरली', कुणी 'क्यू२एच', आणि बऱ्याच लेखांच्या सारांशात ती आलेलीच नसते. ती लेख वाचताना पाहायची गोष्ट आहे. उरले तीन तुकडे. सुरुवात दोन तुकड्यांनीच करा, बेडसोअर आणि कूस बदलणे. तिसरा तुकडा निकाल जास्त आले तरच जोडायचा.

मग प्रत्येक तुकड्याखाली पर्यायी शब्दांची रास लावा. बेडसोअरला सारांशांमध्ये प्रेशर सोअर, प्रेशर अल्सर, डेक्युबिटस अल्सर, प्रेशर इंज्युरी असे सगळे म्हटलेले असते. अमेरिकेतल्या बेडसोअरविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार पॅनेलने २०१६ साली 'अल्सर'ऐवजी 'इंज्युरी' म्हणायचे ठरवले. त्यामुळे तुम्हाला हव्या असलेल्या ५ वर्षांतल्या लेखांत 'प्रेशर इंज्युरी' भरपूर दिसेल, आणि 'बेडसोअर' हा एकच शब्द टाकणाऱ्याला ते लेख दिसणारच नाहीत. कूस बदलण्याला रिपोझिशनिंग, टर्निंग, पोझिशन चेंज, पेशंट पोझिशनिंग.

एका तुकड्याचे पर्याय 'ऑर'ने जोडायचे आणि कंसात टाकायचे. तुकडा तुकड्याला 'अँड'ने जोडायचा. कंस विसरलात तर यंत्र स्वतःच्या नियमाने अर्थ लावते, आणि प्रत्येक यंत्राचा नियम वेगळा असतो. पबमेड डावीकडून उजवीकडे एकेक शब्द घेत जातो, एब्स्को (सिनाहल ज्याच्या पानावर चालतो ते) आधी 'अँड' सोडवतो. तीच ओळ दोन्हीकडे वेगळे निकाल देते.

---

तळटीप

शब्दकोठींना अनुमोदन. पण नुसत्या पर्यायी शब्दांवर थांबलात तर अर्धेच काम झाले. सिनाहलसाठी पैसे मोजले जातात ते त्याच्या विषयशीर्षकांसाठी. १९६१ पासून ही सूची निघते आहे, तेव्हा ती छापील होती. प्रत्येक लेखाला त्याचा मुख्य विषय कोणता, हे ठरावीक शीर्षकांतून चिकटवलेले असते. लेखकाने 'डेक्युबिटस' लिहो की 'प्रेशर सोअर', चिकटणारे शीर्षक एकच.

एब्स्कोच्या पानावर सिनाहल उघडल्यावर 'सिनाहल सब्जेक्ट हेडिंग्ज' असा दुवा असतो. नव्या मांडणीत तो मेन्यूत जरा आत सरकलाय. तिथे 'बेडसोअर' टाइप करा, तो स्वतःच अधिकृत शीर्षकाकडे नेईल. शीर्षकावर टिचकी मारली की ते कोणाच्या पोटात आहे आणि त्याच्या पोटात काय आहे, हे झाडासारखे दिसते. शेजारी दोन चौकोन असतात.

'एक्सप्लोड' म्हणजे हे शीर्षक आणि त्याखालची सगळी पोटशीर्षके. बहुतेक वेळा ही खूण हवी, पण डोळे झाकून नको. 'इंटेन्सिव्ह केअर युनिट्स' एक्सप्लोड केले की नवजात शिशूंचा अतिदक्षता विभागही आत येतो. प्रौढांचा प्रश्न असताना इन्क्युबेटरमधल्या बाळांचे लेख का येतात, याचे उत्तर तिथे आहे.

'मेजर कन्सेप्ट' म्हणजे हा विषय लेखाचा गाभा आहे तेवढेच द्या. ढीग कमी करायला हा रामबाण, पण सुरुवातीलाच वापरू नका. कूस बदलण्यावरच्या लेखात बेडसोअर हा कधीकधी दुय्यम विषय म्हणून नोंदलेला असतो, तो निसटतो.

प्रत्यक्ष शोध एकाच लांबलचक ओळीत लिहू नका. एकेक ओळ चालवा, ती 'सर्च हिस्टरी'त एस१, एस२ अशी साठत जाते:

एस१: एमएच आणि बेडसोअरचे सापडलेले शीर्षक, शेवटी + चिन्ह (हेच एक्सप्लोड)
एस२: टीआय ("प्रेशर अल्सर*" ऑर "प्रेशर इंज्युर*" ऑर "प्रेशर सोअर*" ऑर बेडसोअर* ऑर डेक्युबिट*) ऑर एबी (तेच सगळे पुन्हा)
एस३: एस१ ऑर एस२
एस४: एमएच "पेशंट पोझिशनिंग"
एस५: टीआय (रिपोझिशन* ऑर (टर्निंग एन३ पेशंट*)) ऑर एबी (तेच)
एस६: एस४ ऑर एस५
एस७: एस३ अँड एस६

एमएच म्हणजे विषयशीर्षकात, टीआय म्हणजे लेखाच्या शीर्षकात, एबी म्हणजे सारांशात. एन३ म्हणजे दोन शब्द एकमेकांपासून तीन शब्दांच्या आत, क्रम कोणताही. एस५ मध्ये 'टर्निंग' सुटा टाकला असता तर 'टर्निंग पॉइंट' म्हणणारे सगळे लेख आले असते, आणि नर्सिंगच्या गुणात्मक संशोधनात ते काही कमी नाहीत.

तारा (*) कुठे लावायचा यालाही अक्कल लागते. 'एन-यू-आर-एस'पुढे तारा लावला की नर्स, नर्सेस, नर्सिंग येतात, पण सोबत नर्सरीही येते. त्याहून आखूड मुळाला तारा लावलात तर काय काय येईल ते विचारू नका.

ओळी सुट्या ठेवण्याचा फायदा असा की बिघाड कुठे आहे ते लगेच दिसते. एस७ शून्य आला आणि एस६ मध्येच चार लेख असतील, तर दोष दुसऱ्या तुकड्यात आहे. एकाच ओळीत सगळे कोंबले असेल तर शोधत बसा.

---

बोरूबहाद्दर

नमनालाच घडाभर तेल! गूगल स्कॉलरवर चार शब्द टाकले की पहिल्या पानावर कामाचे लेख मिळतात. विद्यार्थ्याला आठ लेख हवेत, पीएचडी करायची नाहीये. एवढा खटाटोप कशाला?

---

तळटीप

@बोरूबहाद्दर, पहिल्या पानावर 'कामाचे' येतात की 'जास्त वेळा उल्लेखलेले' येतात? स्कॉलरचा क्रम लावण्याचा हिशेब उघड नाही, पण उल्लेखांचे वजन त्यात स्पष्ट दिसते. उल्लेख साठायला वर्षे लागतात, म्हणजे जुने लेख वर तरंगतात. इथे अट ५ वर्षांची आहे. शिवाय तिथे विषयशीर्षके नाहीत, पीअर-रिव्ह्यूची चाळणी नाही, प्रबंध, परिषदांची टिपणे, प्रीप्रिंट (तपासणीआधीच टाकलेले मसुदे) सगळे एका रांगेत. निकाल कितीही लाख दाखवले तरी उघडून पाहता येतात ते पहिले १०००, आणि शोधओळ २५६ अक्षरांच्या पुढे गेली की पुढची कापली जाते. वर दिलेली एस२ तिथे जेमतेम मावेल, सगळा शोध मावणार नाही.

स्कॉलर वापरायचा तो दोन कामांसाठी. लेखाचे नाव माहीत आहे आणि तो कुठे उघडतो ते पाहायचेय, आणि 'साइटेड बाय'. एक चांगला लेख हाताशी लागला की त्यानंतर त्याचा आधार कुणी घेतला ते एका टिचकीत दिसते. आणि सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स'मध्ये आपल्या संस्थेचे नाव जोडा, म्हणजे ग्रंथालयाकडे असलेल्या लेखापुढे त्याचा दुवा दिसतो.

---

बोरूबहाद्दर

'साइटेड बाय'चे मान्य. बाकी सुरुवातीला विषयाची तोंडओळख म्हणून स्कॉलर वाईट नाही, एवढे तरी द्या. पर्यायी शब्द कोणते आहेत ते तिथेच पटकन कळतात.

---

शब्दकोठी

तेवढे देऊया. पर्यायी शब्द गोळा करायला बरा आहे.

फुल टेक्स्टच्या खुणेबद्दल कुणी बोलले नाही. ती आधी काढा. 'फुल टेक्स्ट' म्हणजे 'ग्रंथालयात उपलब्ध' नव्हे. लेखाची पूर्ण प्रत या एकाच डेटाबेसच्या पोटात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तोच लेख ग्रंथालयाने प्रकाशकाकडून थेट घेतलेल्या नियतकालिकात असू शकतो, आणि खूण केल्यामुळे तो दिसतच नाही. दुसरे कारण जास्त चावते: बरेच प्रकाशक अशा एकत्रित डेटाबेसला पूर्ण प्रत उशिरा देतात, अनेकदा १२ महिन्यांनी. म्हणजे ही खूण नेमके सगळ्यात ताजे लेख उडवते, आणि तुम्हाला ताजेच हवेत.

खूण काढल्यावर प्रत्येक नोंदीखाली ग्रंथालयाचे बटण असते, 'फाइंड इट' किंवा तत्सम नावाचे. ते बाकीच्या सगळ्या वर्गण्यांमध्ये शोधून लेखापर्यंत नेते. ते बटण कधीकधी अडखळते, कारण नोंदीतला खंड किंवा अंक क्रमांक चुकलेला असतो. तेव्हा 'प्रत नाही' या संदेशावर विश्वास ठेवू नका. नियतकालिकाचे नाव ग्रंथालयाच्या जर्नल सूचीत टाका आणि वर्ष, खंड करत हाताने उतरा. तिथेही नसेल तर डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा पूर्ण शीर्षक शोधून पबमेड सेंट्रलवर (मोफत पूर्ण लेखांचा संग्रह) किंवा लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात मोफत प्रत आहे का पाहा. अनपेवॉल नावाचे ब्राउझरचे जोडसाधन कायदेशीर मोफत प्रत असेल तर कडेला हिरवे कुलूप दाखवते. तरीही नाही, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरा, पण त्याला काही दिवस लागतात, आदल्या रात्री भरून उपयोग नाही. प्रकाशकाच्या पानावर पैसे भरायचा प्रश्नच येत नाही. ग्रंथपालाला विचारले नाही म्हणून भुर्दंड पडतो.

---

वॉर्ड_क्र_सात

एस१ ते एस७ चालवले. आता चाळण्याजोगा आकडा येतोय, धन्यवाद! दोन शंका. 'पीअर-रिव्ह्यूड'ची खूण केली तरी त्यात एक संपादकीय आणि एक पत्र आले, हे कसे? आणि प्राथमिक संशोधन कोणते ते कसे ओळखायचे? सगळ्यांच्या शीर्षकात 'स्टडी' असते.

---

दवाखाना_डायरी

ती खूण नियतकालिकाची असते, लेखाची नाही. पीअर-रिव्ह्यूड नियतकालिकात छापलेले संपादकीय, पत्र, पुस्तक परीक्षण, अध्यक्षांचे मनोगत, सगळे त्या खुणेतून आत येते. सिनाहलमध्ये शेजारीच 'रिसर्च आर्टिकल' अशी वेगळी खूण आहे, ती जोडा. तिच्यातून पद्धत आणि निकाल असलेले लेख पुढे येतात. तीही शंभर टक्के नाही, आढावा लेखही तिच्यातून येतात.

सिनाहलच्या काही आवृत्त्यांत 'एव्हिडन्स-बेस्ड केअर शीट' आणि 'क्विक लेसन' असतात. दोन-चार पानांचे, नेटके, खाली संदर्भ दिलेले. वाचायला उत्तम, पण ते एब्स्कोने तयार केलेले सारांश आहेत, शोधनिबंध नव्हेत. मार्गदर्शक ते लेख म्हणून धरत नाहीत. खालच्या संदर्भांसाठी मात्र जरूर वापरा. नर्सिंग मासिकांतले 'कंटिन्युइंग एज्युकेशन'चे लेखही असेच फसवे, शेवटी प्रश्नावली दिसली की ओळखा.

प्राथमिक संशोधन ओळखायला शीर्षक सोडा, सारांशातला 'मेथड्स'चा भाग वाचा. लेखकांनी स्वतः रुग्णांकडून किंवा परिचारिकांकडून माहिती गोळा केली आहे का? किती जण, कुठे, किती काळ? 'अमुक डेटाबेस शोधले, अमुक लेख निवडले' असे वाक्य आले की तो आढावा. पुढचे तीन प्रकार हमखास चकवतात.

शीर्षकात 'प्रोटोकॉल' असेल तर तो अभ्यासाचा आराखडा आहे, त्यात निकालच नाहीत. वाचत वाचत शेवटापर्यंत जाल आणि हाती काही लागणार नाही.

'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट' म्हणजे एका वॉर्डात कूस बदलण्याचे वेळापत्रक लावले आणि आधी-नंतर मोजले. त्यात आकडे असतात, तक्ते असतात, पण बहुतेक मार्गदर्शक त्याला संशोधन मानत नाहीत. आधी विचारून घ्या.

'सेकंडरी अॅनालिसिस' म्हणजे दुसऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीवर नवे विश्लेषण. हे संशोधन आहे, पण काही ठिकाणी 'प्राथमिक' म्हणून चालत नाही.

'नर्सिंगशी थेट संबंध' या अटीसाठी सिनाहलमध्ये 'एनी ऑथर इज नर्स' अशी खूण आहे. उपयोगी, पण लेखकाच्या नावापुढे पदवीची नोंद नसेल तर परिचारिकेने लिहिलेला लेखही तिच्यातून गळतो. म्हणून सगळ्यात शेवटी लावा, आणि काय गळले तेही बघा.

---

शब्दकोठी

पबमेडचे राहिलेच. तिथे पीअर-रिव्ह्यूची खूण नाही, शोधू नका. तिथली बहुतांश नियतकालिके पीअर-रिव्ह्यूड असतात, पण खात्री नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावरून करावी लागते. काही ग्रंथालयांकडे उलरिक्सवेब ही नियतकालिकांची सूची असते, तिथे नियतकालिकाच्या नावापुढे पंचाच्या काळ्या-पांढऱ्या शर्टाचे छोटे चित्र दिसले की ते पीअर-रिव्ह्यूड. आणि पबमेडमध्ये काही प्रीप्रिंटही असतात, त्यांचा पीअर-रिव्ह्यू झालेला नसतो. 'एक्स्क्लूड प्रीप्रिंट्स' अशी चाळणी आहे, ती लावा.

पबमेडची खोड अशी की तो तुमच्या शब्दांचे स्वतःच भाषांतर करतो. 'बेड सोअर्स' टाकले तरी तो बेडसोअरचे मेश शीर्षक (मेश म्हणजे पबमेडची विषयशीर्षके) आपणहून जोडतो. छान. पण 'नर्सिंग' टाकून पाहा आणि 'अॅडव्हान्स्ड'च्या पानावर 'डीटेल्स'चा बाण उघडा. त्याने स्तनपानाचे शीर्षकही जोडलेले दिसेल, कारण इंग्रजीत त्या शब्दाचा तोही अर्थ होतो. कूस बदलण्याच्या शोधात मातांच्या दुधाचे लेख का आले, ते तिथे कळते. म्हणून पबमेडमध्ये 'नर्सिंग' हा शब्द सुटा टाकू नका.

अवतरणचिन्हे किंवा तारा लावला की हे आपोआप भाषांतर त्या शब्दापुरते बंद होते. ते कधी हवे असते, कधी नको असते, पण माहीत असावे. ताऱ्याआधी निदान चार अक्षरे लागतात. 'अँड, ऑर, नॉट' मोठ्या अक्षरांतच टाइप करा. शब्दापुढे चौकटी कंसात टीआयएबी लिहिले की तो फक्त शीर्षक आणि सारांशात शोधतो. २०२२ पासून शेजारच्या शब्दांचा शोधही आलाय: अवतरणात दोन शब्द, आणि चौकटी कंसात टीआयएबी, विसर्गचिन्ह, ~ आणि आकडा. 'टर्निंग पेशंट' ~३ असे.

सगळ्यात मोठा खड्डा: फक्त मेश शीर्षकाने शोधलेत तर अगदी ताजे लेख सुटतात, कारण त्यांना शीर्षके चिकटायची बाकी असतात, आणि काही नोंदींना ती कधीच चिकटत नाहीत. म्हणून तळटीप यांनी सिनाहलसाठी केले तेच इथे: मेश ऑर टीआयएबी. 'ह्यूमन्स' आणि वयोगटाच्या चाळण्याही त्याच शीर्षकांवर चालतात. त्या लावल्या की ताजे लेख पुन्हा गायब.

---

बोरूबहाद्दर

मग बाळांचे लेख काढायला सरळ 'नॉट निओनेट' केले तर?

---

तळटीप

नको. एखाद्या लेखात 'प्रौढ आणि नवजात अशा दोन्ही विभागांत' असे वाक्य असेल तर तो पूर्ण लेख जाईल. एवढेच काय, सारांशात 'नवजात रुग्ण वगळले' असे लिहिलेला लेखही जाईल, म्हणजे नेमका तुम्हाला हवा तो. असे चार लेख डोळ्यांनी वगळायला दोन मिनिटे लागतात. 'नॉट'ची गरज असाइनमेंटच्या पातळीवर क्वचितच पडते.

---

दवाखाना_डायरी

या विषयावर आधी कॉक्रेनमध्ये (उपचारांवरच्या पद्धतशीर आढाव्यांचा संग्रह) बघायला हवे होते, काखेत कळसा अशी गत आहे. प्रौढांमध्ये कूस बदलून बेडसोअर टाळण्यावर कॉक्रेनचा पद्धतशीर आढावा आहे, २०१४ चा, आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२० ची. सुधारित आवृत्तीत ८ चाचण्या आणि ३९४१ सहभागी आहेत, आणि निष्कर्ष असा की पुराव्याची खात्री कमी किंवा अगदीच कमी आहे, नेमके किती तासांनी हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणजे 'दर २ तासांनी हेच उत्तर' असे गृहीत धरून लेख शोधू नका. आढाव्याला स्वतःचा प्राथमिक लेख म्हणून दाखवता येत नाही, पण त्याच्या संदर्भयादीतल्या ८ चाचण्या हा तयार खजिना आहे. त्या आढाव्यासाठी वापरलेली पूर्ण शोधओळही परिशिष्टात छापलेली असते. पर्यायी शब्द तिथून उचला, कुणी रागावत नाही.

आणि तिसरा तुकडा, अतिदक्षता विभाग, 'अँड'ने जोडल्यावर काय होते त्याचे उदाहरण देतो. २०१३ साली टर्न नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर २, ३ आणि ४ तासांनी कूस बदलण्याची थेट तुलना. या प्रश्नावर बोलताना तिचे नाव येतेच. पण ती झाली नर्सिंग होममध्ये. 'इंटेन्सिव्ह केअर' जोडले की ती गेली, आणि ५ वर्षांची खूण केली तरी गेली. अटीतल्या ५ वर्षांत ती मोजू नका, पण चर्चेच्या भागात तिचा उल्लेख नसेल तर वाचणाऱ्याला खटकेल. मार्गदर्शक बहुधा एखाद-दुसरा पायाभूत जुना लेख चालवून घेतात, विचारा.

वर्षांची खूणही सगळ्यात शेवटी करा. आधी सगळी वर्षे बघा, पायाभूत काय आहे ते टिपा, मग कापा.

---

वॉर्ड_क्र_सात

कॉक्रेन उघडला, संदर्भयादी मिळाली. एका मैत्रिणीचा विषय गुणात्मक आहे: रात्रपाळीत कूस बदलताना परिचारिकांना काय अडचणी येतात. तिला पिको बसत नाही.

---

शब्दकोठी

तिथे परिणाम आणि तुलना दोन्ही नसतात. लोक, कुतूहलाचा विषय आणि संदर्भ, एवढे तीन घ्या. परिचारिका, कूस बदलण्यातले अडथळे, रात्रपाळी किंवा वॉर्ड. शब्दांत 'बॅरियर*', 'अॅटिट्यूड*', 'पर्सेप्शन*', 'लिव्ह्ड एक्सपीरियन्स', 'फिनॉमिनॉलॉजी', 'इंटरव्ह्यू*', 'फोकस ग्रुप*' हे 'ऑर'ने जोडून वेगळी ओळ करा. सिनाहलमध्ये 'क्लिनिकल क्वेरीज'च्या यादीत 'क्वालिटेटिव्ह' तीन प्रकारांत आहे: जास्त संवेदनशील (काही सुटू न देणारा), जास्त नेमका (फालतू टाळणारा) आणि मधला. मधल्यापासून सुरू करायला सांगा. रात्रपाळी हा तुकडा पहिल्यांदा सोडूनच द्या, त्यावरचे साहित्य तुटपुंजे निघण्याची शक्यता जास्त.

---

वॉर्ड_क्र_सात

आज तीच एस१ ते एस७ मालिका वर्डच्या फाइलमधून चिकटवून पुन्हा चालवली तर एस२ मध्ये काहीच येत नाही. काल येत होते. आणि काल जपून ठेवलेले दुवे आता 'सेशन संपले' म्हणतात.

---

तळटीप

तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने. एक, वर्ड सरळ अवतरणचिन्हे वळवून टाकतो. काही डेटाबेसना ती वळलेली चिन्हे कळत नाहीत आणि वाक्प्रचार जुळत नाही. खिडकीतच ती पुसून पुन्हा टाइप करा. दोन, डाव्या बाजूला किंवा 'फिल्टर्स'मध्ये मागच्या शोधाच्या खुणा तशाच राहिल्यात का बघा. एब्स्को त्या आपणहून काढत नाही. तीन, खिडकीशेजारच्या यादीत 'ऑथर' किंवा 'टायटल' निवडलेले राहिले असेल. ओळीत टीआय आणि एबी आधीच आहेत, तेव्हा ती यादी कोरी हवी.

दुव्यांचे असे: ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता त्या बैठकीपुरता असतो. लेखाच्या नोंदीत 'परमालिंक' किंवा 'शेअर' असते, तो दुवा जपायचा. ग्रंथालयाचा प्रॉक्सी (बाहेरून प्रवेश देणारी सोय) त्यात जोडलेला असेल तर घरूनही लॉगिन विचारून उघडतो.

आणि एब्स्कोत स्वतःचे खाते उघडा, ते ग्रंथालयाच्या लॉगिनहून वेगळे असते. शोधमालिका तिथे साठवली की चिकटवाचिकटवीच नको. नाहीतर थोडा वेळ पान तसेच सोडले की सर्च हिस्टरी गेली. त्याच खात्यातून अलर्ट लावता येतो, नवीन लेख आला की मेल येतो.

---

दवाखाना_डायरी

संदर्भाचे बटण वापरणार असाल तर एक सांगून ठेवतो. डेटाबेस 'एपीए' या संदर्भशैलीतला संदर्भ तयार करून देतो तो तसाच चिकटवू नका. सातव्या आवृत्तीत लेखाच्या शीर्षकात फक्त पहिला शब्द, विशेषनामे आणि विसर्गचिन्हानंतरचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. डेटाबेसने दिलेल्यात बरेचदा प्रत्येक शब्द मोठा असतो, कधी पूर्ण शीर्षकच मोठ्या अक्षरांत. नियतकालिकाचे नाव आणि खंड तिरपे हवेत, अंक क्रमांक सरळ. झोटेरोत (संदर्भ साठवायचे मोफत सॉफ्टवेअर) घ्यायचे तर एब्स्कोतून आरआयएस फाइल आणि पबमेडमधून एनबिब फाइल काढा. अक्षरांची ही चूक त्या फाइलबरोबरही येते, तेव्हा झोटेरोत घेतल्या घेतल्या शीर्षके दुरुस्त करा.

निवडलेले लेख सादर करण्याआधी पबमेडमध्ये एकदा पुन्हा उघडून बघा. लेख मागे घेतला असेल तर वरच ठळक सूचना असते. पीडीएफ आधी उतरवून ठेवली असेल तर ती सूचना त्यात येत नाही.

---

वॉर्ड_क्र_सात

वळलेली अवतरणचिन्हेच होती. एस२ चालू झाला. शोधाची माहितीही असाइनमेंटमध्ये लिहायची आहे, त्यात काय काय द्यायचे?

---

शब्दकोठी

डेटाबेसचे नाव आणि तो कोणाच्या पानावरून शोधला (सिनाहल, एब्स्कोमार्फत), शोधल्याची तारीख, एस१ ते एस७ जशाच्या तशा, प्रत्येक ओळीचे निकाल, लावलेल्या खुणा, आणि शेवटी किती शीर्षके चाळली, किती सारांश वाचले, किती पूर्ण लेख वाचून वगळले आणि का. एब्स्कोच्या सर्च हिस्टरीत 'प्रिंट'चे बटण असेल तर तेच पान परिशिष्टात जोडा. तारीख विसरू नका, उद्या तीच ओळ चालवली तर आकडा बदललेला असेल.